बंदुकीच्या नळीचे संरक्षण : चकाकीपासून क्रोमियमपर्यंत

बंदुकीच्या नळीवर कोणता संस्कार केला असता ती टिकते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ धातुशास्त्राचा आहे. परंतु गेल्या दोन शतकांत निरनिराळ्या सैन्यांनी त्याची जी उत्तरे दिली ती क्रमाने लावून पाहिली, तर त्यांत रसायनशास्त्राइतकाच शिस्तीचा, काटकसरीचा आणि रूढ समजुतींचा वाटा आढळतो. उपाय माहीत असणे आणि तो शिपायाच्या हातातील शस्त्रापर्यंत पोहोचणे, या दोहोंतील अंतर हाच या इतिहासाचा खरा विषय होय.

अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळाच्या ठासणीच्या बंदुकीची नळी सामान्यतः उघड्या, चकचकीत लोखंडाची असे. तिचे संरक्षण शिपायाच्या मनगटावर अवलंबून होते. विटेच्या भुकटीसारख्या खरखरीत द्रव्याने तो ती वारंवार घाशी. लखलखते हत्यार हे पलटणीच्या शिस्तीचे लक्षण मानले जाई. परंतु या घासण्याने गंजाबरोबर लोखंडही झिजे, आणि उन्हात चमकणारी नळी शत्रूला दुरूनच ठावठिकाणा सांगे. आडोशाने लढणाऱ्या रायफलधाऱ्यांना ही चकाकी परवडणारी नव्हती. म्हणून १८०० साली स्वीकारलेल्या बेकर रायफलीची नळी तपकिरी केलेली असे. सर्वसाधारण पायदळाच्या बंदुकांना ही पद्धत लागू होण्यास मात्र १८१५ साल उजाडावे लागले. कारागिरांना जे ठाऊक होते, ते कवायतीच्या मैदानाने दीर्घकाळ अडवून धरले.

त्या बंदुकीचे ‘ब्राउन बेस’ हे लोकप्रिय नाव या तपकिरी रंगावरून पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु फ्रान्सिस ग्रोस याच्या १७८५ मधील ग्राम्य बोलीच्या कोशात हे नाव नोंदलेले आहे. अर्थात १८१५ च्या बदलापूर्वी निदान तीस वर्षे ते रूढ होते. तेव्हा त्या बदलाने ते नाव दिले असे म्हणता येत नाही. दिसणाऱ्या रंगावरून व्युत्पत्ती ठरविणे जसे धोक्याचे, तसेच रंगावरून संरक्षणाचा गुण ठरविणेही धोक्याचे आहे.

तपकिरी व निळसर-काळा या दोन रंगांची गोष्ट याच प्रकारची आहे. ‘ब्राउनिंग’ म्हणजे वस्तुतः मुद्दाम चढविलेला गंज होय. नळी स्वच्छ करून तिला सौम्य गंजकारक द्रव लावावयाचा, उठलेला सैल गंज तारेच्या ब्रशाने झाडावयाचा, आणि घट्ट, एकसारखा थर बसेपर्यंत ही क्रिया पुनःपुन्हा करावयाची. हाच तांबूस थर उकळत्या पाण्यात घातला म्हणजे त्याचे लोहाच्या काळ्या ऑक्साइडात रूपांतर होते, हेच ‘ब्लूइंग’. पुढे तीव्र अल्कली व नायट्रेट यांच्या तप्त द्रावणात नळी बुडवून कित्येक दिवसांचे हे काम थोड्या वेळात होऊ लागले. या सर्व प्रकारांतील थर अत्यंत पातळ असतो. तो एकट्याने फार काळ ओलावा थोपवीत नाही. त्याला तेलाची जोड लागते.

तेल धरून ठेवण्याच्या बाबतीत फॉस्फेटचा थर सरस ठरला. टॉमस वॉट्स कॉस्लेट याने १९०६ साली इंग्लंडमध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. १९१५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या पार्कर कंपनीमुळे तिला ‘पार्करायझिंग’ हे नाव मिळाले. अमेरिकन सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलींवर ती १९१८ मध्ये दिसू लागली. हा करडा, निस्तेज व सच्छिद्र थर दिसावयास सामान्य. पण युद्धकाळी झपाट्याने होणाऱ्या उत्पादनास तो सोयीचा होता, आणि त्याचा निस्तेजपणा रणांगणावर गुणच ठरला.

तथापि हे सर्व उपाय बाह्यांगाचे होते. नळीचा नाश बहुधा आतून सुरू होतो. काडतुसाच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून स्फोटानंतर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतील ओलावा ओढून घेतो आणि नळीचा अंतर्भाग गंजवितो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश सैनिक गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतीत. याखेरीज तप्त वायूंनी होणारी झीज निराळीच.

या दोन्ही आपत्तींवर कठीण क्रोमियमचा अंतर्लेप हा उपाय निघाला. जपानच्या १९३९ च्या ‘टाइप ९९’ रायफलीत तो होता. युद्धाच्या अखेरीस टंचाई वाढताच तो गाळण्यात आला. अमेरिकेने १९५७ मध्ये स्वीकारलेल्या एम-१४ च्या नळीतही तो होता. तरीही तिच्यानंतर आलेली एम-१६ व्हिएतनामच्या दमट हवेत गेली ती या लेपावाचून. तिच्या लहान व्यासाच्या नळीत एकसारखा लेप देणे अवघड होते हे खरे. त्यातच काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला, सफाईची साधने अपुरी पडली, आणि या रायफलीस फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला. रिकामी काडतुसे नळीच्या मागील खोबणीत अडकू लागली. शस्त्र अडकलेल्या स्थितीत सोबती मारले गेल्याच्या तक्रारी सैनिकांच्या पत्रांतून लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचल्या. ऑक्टोबर १९६७ मध्ये इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने आपल्या अहवालात या कारभारावर कडक ठपका ठेवला. त्याच वर्षी काडतूस बसण्याच्या खोबणीला, आणि काही वर्षांनी संपूर्ण नळीला, क्रोमियमचा लेप देण्यात येऊ लागला.

क्रोमियम हेही अंतिम उत्तर नव्हे. त्याचा लेप असमान बसल्यास नेमबाजीच्या अचूकतेला बाध येतो, आणि त्याच्या निर्मितीत वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. नायट्रोजन व कार्बन पोलादाच्या पृष्ठभागातच मुरविणारी नायट्रायडिंगची पद्धत आज त्याला पर्याय म्हणून वापरली जाते. तीत वेगळा लेप बसत नसल्याने नळीचे माप फारसे बदलत नाही.

तात्पर्य, या उपायांची तुलना ‘श्रेष्ठ कोणता’ एवढ्याच प्रश्नावर संपत नाही. ब्राउनिंग, ब्लूइंग व फॉस्फेट बाहेरील ओलाव्याशी झुंजतात, क्रोमियम आतील क्षार व उष्णता यांच्याशी. शत्रू कोठे आहे हे ओळखल्यावाचून केलेली निवड व्यर्थ होय. १८१५ पूर्वीच्या पलटणीने नळीची चकाकी पाहिली आणि झिजणारे लोखंड दृष्टीआड केले. १९६० नंतरच्या यंत्रणेपुढे आपल्याच एम-१४ चा दाखला होता, आणि तोही तिने बाजूला ठेवला. पहिल्या चुकीची किंमत लोखंडाने भरली, दुसरीची माणसांनी.