वादळाची चाहूल

वादळ येऊन गेल्यावर त्याचें वर्णन करणारे पुष्कळ असतात. परंतु तें येण्यापूर्वींच त्याची चाहूल घेत बसणारे लोक थोडे. ब्रिटनमध्यें मात्र अशा लोकांची परंपरा जुनी व अखंड आहे. अटलांटिक महासागरावरून पूर्वेकडे सरकणारीं कमी दाबाचीं क्षेत्रें हिंवाळ्यांत एकामागून एक त्या बेटांवरून जातात. आज ऊन तर उद्यां झंझावात, असा तेथला प्रकार. त्यामुळें खेड्यांतील पाद्री, गांवचा वैद्य, शहरांतील औषधविक्रेता ह्यांच्या घरीं भिंतीवर वायुभारमापक टांगलेला आणि शेजारीं नोंदवही उघडी, हें दृश्य तेथें कित्येक पिढ्या परिचयाचें आहे. ह्या हौशी लोकांच्या छंदांतून वादळाची सूचना देण्याची विद्या कशी उदयास आली आणि तिच्यासाठीं एका माणसाला काय सोसावें लागलें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इ. स. १७०३ च्या नोव्हेंबरची २६ तारीख, शुक्रवार. इंग्लंडांत त्या काळीं जुनें पंचांग चालू होतें. नव्या गणनेप्रमाणें हा दिवस ७ डिसेंबरचा. कांहीं दिवस वारा सारखा जोरानें वाहत होता. रात्रीं दहाच्या सुमारास डॅनियल डीफो ह्यानें आपल्या वायुभारमापकाकडे पाहिलें, तों नळींतील पारा इतका खालीं गेलेला दिसला कीं, मुलांनीं नळी हाताळून बिघडविली असावी, असा त्याचा समज झाला. मुलें निर्दोष होतीं. मध्यरात्रीनंतर दक्षिण इंग्लंडावर जें वादळ कोसळलें, त्यासारखें वादळ त्या देशाच्या लिखित इतिहासांत क्वचितच सांपडेल. धुराडीं कोसळून माणसें बिछान्यांतच चिरडलीं गेलीं. आरमाराचीं १३ जहाजें नष्ट झालीं व त्यांवरील सुमारें १५०० खलाशी बुडाले. पुढें ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहून अमर झालेल्या डीफोनें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन गांवोगांवच्या लोकांकडून हकीकती मागविल्या आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या हकीकतींत एसेक्स परगण्यांतील अपमिन्स्टर गांवचा पाद्री विल्यम डेरहम ह्याचें पत्र विशेष महत्त्वाचें आहे. डेरहम हा पाऊस, पारा व वारा ह्यांची नित्य नोंद ठेवणारा गृहस्थ. त्यानें त्या दिवसांतील पाऱ्याचीं मापें दिलीं आणि उत्तरेकडे लँकेशायरमध्यें असाच नाद असलेल्या रिचर्ड टाउन्ली ह्याच्या मापांशीं तीं ताडून पाहिलीं. परंतु हें ताडून पाहणें वादळ गेल्यानंतरचें. प्रत्येकाला फक्त आपल्याच भिंतीवरचा पारा दिसत होता. शेजारच्या परगण्यांत काय चाललें आहे, हें कळविण्यास घोड्यापेक्षां वेगवान साधन नव्हतें, आणि वादळ घोड्याच्या पुढें धांवत होतें.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट इंग्लंडांत आजही सांगतात. प्लिमथ बंदराबाहेर भर समुद्रांतील एडिस्टन खडकावर हेन्री विन्स्टन्ली ह्या हरहुन्नरी माणसानें दीपगृह बांधलें होतें. १६९८ सालीं तेथें प्रथम दिवा लागला. आपल्या बांधकामावर त्याचा एवढा विश्वास होता कीं, आजवर झालें नाहीं असें मोठें वादळ होईल तेव्हां आपण त्या दीपगृहांत असावें, अशी इच्छा तो बोलून दाखवी, असें म्हणतात. ती इच्छा पुरी झाली. २६ तारखेच्या रात्रीं तो तेथेंच होता. सकाळीं किनाऱ्यावरील लोकांनीं पाहिलें, तों खडकावर दीपगृहही नव्हतें आणि विन्स्टन्लीही नव्हता. वादळाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाच्या मनांत विन्स्टन्लीचा थोडा अंश असतोच. वादळ यावें, तें मोठें असावें आणि आपण तें पाहावें, असें त्याला आंतून वाटत असतें.

ह्यानंतर दीडशें वर्षांनीं हा छंद एका विलक्षण यंत्राच्या रूपानें प्रकट झाला. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गांवचा डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर ह्याच्या पाहण्यांत आलें होतें कीं, वादळापूर्वीं पाण्यांतील जळवा अस्वस्थ होऊन वर चढूं लागतात. त्यानें १२ बाटल्यांत थोडें थोडें पावसाचें पाणी घालून प्रत्येकींत एक जळू ठेवली. जळू वर चढली कीं एक बारीकशी तुळई हालावी आणि मधल्या घंटेवर ठोका पडावा, अशी योजना होती. जितके ठोके अधिक, तितकें वादळ निश्चित. जळवांना एकांतवासाचें दुःख होऊं नये म्हणून बाटल्या वर्तुळांत मांडल्या होत्या, जेणेंकरून त्या एकमेकींस पाहूं शकतील! लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनांत हें यंत्र मांडण्यांत आलें. सरकारनें तें बंदरोबंदरीं बसवावें, ही मेरीवेदरची आशा मात्र सफल झाली नाहीं. ह्या प्रकाराचें हंसूं येणें स्वाभाविक आहे. परंतु एका बाबतींत हा डॉक्टर आपल्या पूर्वसूरींच्या पुढें गेला होता. तो आपलें भाकित वादळ येण्यापूर्वींच पत्रांत लिहून गांवच्या विद्वत्सभेच्या अध्यक्षाकडे पाठवीत असे. खरें-खोटें ठरण्याचा धोका त्यानें पत्करला होता.

तोच धोका साऱ्या राष्ट्रासमोर पत्करणारा पुरुष म्हणजे रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस गेला, त्याचा हा कप्तान. परंतु डार्विन जहाजावर येण्यापूर्वींची एक घटना फिट्झरॉयच्या चरित्रांत अधिक महत्त्वाची आहे. १८२९ च्या जानेवारींत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘बीगल’ असतांना पारा खालीं जात होता, आकाशही इशारा देत होतें. तेवीस वर्षांच्या त्या नवख्या कप्तानानें तिकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं. अकस्मात् आलेल्या झंझावातानें जहाज जवळजवळ उलटलें आणि दोन खलाशी बुडाले. ही चूक तो जन्मभर विसरला नाहीं.

१८५४ सालीं ब्रिटिश सरकारच्या व्यापारमंडळानें हवामानाचे आंकडे गोळा करण्यासाठीं एक लहानसें खातें उघडून त्यावर फिट्झरॉयची नेमणूक केली. भविष्य सांगणें हें त्या खात्याचें काम नव्हतें. परंतु १८५९ च्या ऑक्टोबरांत, २५ व २६ तारखांस, ब्रिटनच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालें. ऑस्ट्रेलियांतील सोनें व सोन्याच्या खाणींतून परतणारे लोक घेऊन येणारें ‘रॉयल चार्टर’ हें जहाज, घर अगदीं दृष्टिपथांत आलें असतां, अँगल्सी बेटाच्या खडकांवर आपटून फुटलें व ४५० च्या सुमारास माणसें मेलीं. त्या एका वादळांत एकंदर १३३ जहाजें बुडालीं आणि ८०० च्या आसपास लोक प्राणांस मुकले.

फिट्झरॉयनें दीपगृहें, जहाजें व हौशी निरीक्षक ह्यांच्याकडून त्या दोन दिवसांच्या नोंदी मिळविल्या आणि त्या नकाशावर मांडल्या. तेव्हां वारा एका मध्याभोंवतीं कसा फिरत होता व तो मध्य कसा पुढें सरकत होता, हें स्पष्ट झालें. अशा फिरत्या वादळांस ‘सायक्लोन’ हें नांव कलकत्त्यांतील हेन्री पिडिंग्टन ह्यानें त्यापूर्वीं थोडींच वर्षें दिलेलें होतें. डेरहमला जें साधन मिळालें नव्हतें, तें आतां हातीं होतें. विजेच्या तारेनें जाणारी बातमी वादळाच्या पुढें पोंचूं शकत होती. १८६१ च्या फेब्रुवारींत सूचना देण्यास प्रारंभ झाला. किनाऱ्यावरील ठाण्यांहून पाऱ्याचीं व वाऱ्याचीं मापें तारेनें लंडनला येत आणि धोका दिसतांच उलट तार जाई. मग बंदरांत उंच काठीवर किंतानाचा शंकु चढे. टोंक वर असेल तर उत्तरेचें वादळ, खालीं असेल तर दक्षिणेचें. त्याच महिन्याच्या ९ तारखेस मेरीवेदरच्या व्हिटबी गांवीं वादळांत जीवरक्षक नौका उलटून तिच्यावरील १३ पैकीं १२ जण बुडाले. सूचनेची निकड किती होती, हें ह्यावरून दिसेल.

१ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत फिट्झरॉयचे रोजचे अंदाज छापून येऊं लागले. हें भविष्यकथन नव्हे, हें तर्कानें काढलेलें अनुमान आहे, असें तो वारंवार बजावीत असे. परंतु लोकांना हा भेद मानवला नाहीं. अंदाज खरा ठरला तर तो विसरला जाई. चुकला तर वृत्तपत्रांत चेष्टा होई. शंकु पाहून होड्या बंदरांत राहिल्या आणि वादळ आलें नाहीं, तर होड्यांचे मालक नुकसानीबद्दल कुरकुर करीत. शास्त्रज्ञ म्हणत, ज्याचे नियम अद्याप सिद्ध नाहींत, तें सांगण्याचा अधिकार कोणी दिला? फिट्झरॉयपुढें प्रश्न निराळा होता. नियम सिद्ध होईपर्यंत गप्प बसावें, तर तोंवर बुडणाऱ्यांचें काय? कामाच्या भारानें व टीकेनें त्याची प्रकृति ढांसळली. ३० एप्रिल १८६५ रोजीं, रविवारीं सकाळीं, त्यानें स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें.

त्याच्या मागें चौकशी-समिति बसली. ह्या सूचनांना शास्त्राचा पुरेसा आधार नाहीं, असें तिचें मत पडलें आणि १८६६ च्या डिसेंबरांत बंदरांतील शंकु खालीं उतरले. तेव्हां ओरड झाली ती समुद्रावर पोट असलेल्या लोकांची. चुकणारी का होईना, परंतु सूचना हवी, असें त्यांचें म्हणणें होतें. वर्षभरांतच वादळाच्या सूचना पुन्हां सुरू कराव्या लागल्या. वृत्तपत्रांतील रोजचे अंदाज मात्र १८७९ पर्यंत बंदच राहिले.

पुढील काळांत साधनें पुष्कळ सुधारलीं, तरी हा पेंच सुटला नाहीं. १५ ऑक्टोबर १९८७ रोजीं दुपारीं दूरचित्रवाणीवर हवामानवृत्त सांगणारे गृहस्थ, तुफान येणार असल्याचें ऐकून एका बाईनें विचारणा केली, असें सांगून काळजीचें कारण नाहीं म्हणाले. त्याच रात्रीं दक्षिण इंग्लंडांत झालेल्या वादळानें १८ माणसें मेलीं आणि सुमारें दीड कोटी वृक्ष उन्मळून पडले. उलटपक्षीं २५ जानेवारी १९९० च्या वादळाचा अंदाज चांगला वर्तविला गेला होता; तरीही तें दिवसाढवळ्या, लोक रस्त्यांवर असतांना आल्यामुळें ४७ जणांचा बळी गेला. वादळ कळणें, तें सांगणें आणि ऐकणाऱ्यानें घरीं थांबणें, ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. २०१५ पासून ब्रिटन व आयर्लंड येथील हवामानखातीं वादळांना माणसांचीं नांवें देतात, तीही लोकांनीं सूचनेकडे लक्ष द्यावें ह्याच हेतूनें. १८ फेब्रुवारी २०२२ च्या ‘युनिस’ वादळापूर्वीं आदल्या दिवशींच सर्वोच्च धोक्याचा लाल इशारा देण्यांत आला होता. वाइट बेटाच्या टोंकाशीं वाऱ्याचा झोत ताशीं १२२ मैलांवर गेला. त्या दिवशीं लंडनच्या विमानतळावर डुलत उतरणारीं विमानें एका हौशी माणसानें आपल्या कॅमेऱ्यांतून दाखविलीं व लक्षावधि लोकांनीं तीं घरीं बसून पाहिलीं. विन्स्टन्लीची हौस अशी सुरक्षितपणें भागविण्याची सोय झाली, ती आधीं दिलेल्या इशाऱ्यामुळेंच.

ब्रिटिश नभोवाणीवरून दर्यावर्दी लोकांसाठीं समुद्राच्या एकेका विभागाचें नांव घेऊन वाऱ्याचा अंदाज वाचला जातो. त्यांतील ‘फिनिस्टर’ ह्या विभागाचें नांव २००२ सालीं बदलून ‘फिट्झरॉय’ ठेवण्यांत आलें. ज्याचे अंदाज एकेकाळीं थट्टेचा विषय झाले होते, त्याचें नांव आज त्याच अंदाजांत उच्चारलें जातें. आणि तें ऐकून एखादा तांडेल आपली होडी बंदरांतच ठेवतो.