सायकल व मोटार : सामायिक रस्त्यावरील नियम (महाराष्ट्र)

मोटारी, दुचाक्या, रिक्षा आणि बस यांच्यासोबत एकाच रस्त्यावरून सायकल चालवताना दोन्ही बाजूंनी पाळायचे नियम. महाराष्ट्रात हे नियम एकत्र ग्रथित केलेले नाहीत. मोटारचालकाची कर्तव्ये केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात आहेत, सायकलस्वाराची मुख्यतः राज्याच्या पोलीस कायद्यात व त्याखालील स्थानिक आदेशांत, तर रस्त्याची रचना कशी असावी हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सापडते. प्रस्तुत नोंदीत पुण्याचे उल्लेख जास्त आहेत. सायकलींचे शहर म्हणून त्या शहराविषयी लिहिले गेलेही जास्त.

कायदेशीर स्थान : मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यंत्रावर चालणाऱ्या वाहनांचा कायदा आहे. त्यातील ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत सायकल बसत नाही, त्यामुळे तिला नोंदणी, परवाना व विमा लागत नाही. याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. वाहतूक चिन्हे पाळण्याचे कलम ११९, धोकादायक चालवण्याचे कलम १८४ आणि मद्यपानाचे कलम १८५ ही तिन्ही मोटार वाहन चालवणाऱ्याला उद्देशून आहेत. झिंगलेल्या सायकलस्वाराला कलम १८५ लावता येत नाही. पोलिसांना दारूबंदी कायद्याचे कलम ८५ शोधावे लागते. मात्र सायकलस्वार कायद्याच्या पूर्ण बाहेर आहे असे नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील ‘वाहन’ या संज्ञेत हातगाडीपासून सायकल व तीनचाकी सायकलीपर्यंत सर्व येते. त्याच्या कलम ९९ नुसार रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणे आणि पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडणे हे सर्वांवर बंधनकारक आहे. कलम ३३ खाली वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्त वा जिल्हादंडाधिकारी यांना मिळतो. तेथे सायकल चालवणारे, पायी जाणारे आणि गुरे हाकणारे एकाच ओळीत आले आहेत. बेदरकारपणे वाहन हाकल्याचा फौजदारी गुन्हा (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २७९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१) सायकलस्वारालाही लागू होतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३८(१अ) राज्यांना यंत्रविरहित वाहने व पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार देते. असे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना दिला. अधिकार मिळाल्यापासून आदेशापर्यंत सहा वर्षे गेली, यावरून या विषयाला किती महत्त्व होते ते दिसते.

विजेवर चालणाऱ्या सायकलींपैकी २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किमी.च्या आतल्या वेगाच्या सायकली, ठरलेल्या अटींवर, मोटार वाहनात मोडत नाहीत. कागदोपत्री या मर्यादेत असलेली पण प्रत्यक्षात वेग वाढवून घेतलेली वाहने रस्त्यावर येऊ लागल्यावर २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने त्यांच्याविरुद्ध मोहीम घेतली.

दिवा, बिल्ला व डबलसीट : सायकलस्वारांवर प्रत्यक्ष बजावले गेलेले नियम बहुतांशी तीनच, आणि जुन्या पिढीच्या आठवणींत सर्वाधिक स्थान त्यांनाच आहे. पहिला बिल्ल्याचा. नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. बिल्ला नसला की सायकल जप्त होई. हा नियम महसुलाचा. सुरक्षिततेशी त्याचा संबंध नव्हता.

दुसरा दिव्याचा. सूर्यास्तानंतर पुढे दिवा हवा, हा नियम राबवण्यासाठी संध्याकाळी चौकाचौकांत पोलीस उभे असत. आरंभी रॉकेलचे दिवे होते. खड्ड्यात चाक आदळले की ते विझत. नंतर डायनामो आला. त्याची चकती टायरच्या कडेला टेकवली की चाकाबरोबर फिरून वीज तयार होते. पावसाळ्यात ती ओल्या टायरवर घसरते. मुख्य दोष वेगळाच होता. चाक थांबले की दिवाही मालवतो. म्हणजे चौकात हात दाखवला म्हणून थांबलेला नियमनिष्ठ सायकलस्वार पोलिसासमोर बिनदिव्याचाच उभा असे, आणि हँडल उचलून, पुढचे चाक हाताने फिरवून, दिवा लागतो हे त्याला सिद्ध करावे लागे. मागच्या बाजूला लाल काच आणि मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा एवढ्यावर भागत असे. मागून येणाऱ्या मोटारीला सायकल दिसणे जिवाच्या दृष्टीने अधिक निकडीचे असताना सारी करडी नजर पुढच्या दिव्यावर होती. सायकलींवरील रिफ्लेक्टरसाठी केंद्राचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघायला २०२० साल उजाडले.

तिसरा नियम डबलसीटबंदीचा. पुढच्या नळीवर मूल आणि कॅरियरवर बायको बसवणाऱ्या गृहस्थालाही तो लागू होता. दंडाऐवजी चाकातील हवा सोडून देण्याची शिक्षा सर्रास चाले. ती कोणत्याही कायद्यात सापडत नाही. पुण्यात सायकलींची जागा स्कूटर व मोटरसायकलींनी घेतल्यावर तिन्ही नियमांची अंमलबजावणी आपोआप थांबली.

मोटारचालकाची कर्तव्ये : मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांनी १९८९ ची नियमावली रद्द केली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व अपंग हे रस्त्यावरील असुरक्षित घटक असून त्यांच्याबाबत चालकाने विशेष काळजी घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. पदपथावर वा सायकल मार्गावर मोटार न नेण्याचा दंडक १९८९ पासूनचा. ओलांडताना सायकलीपासून किती अंतर ठेवावे हे भारतीय नियम मीटरमध्ये सांगत नाहीत. सुरक्षित अंतर एवढेच म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडात २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान १.५ मीटर अंतर सांगितले आहे. जर्मनीत २०२० पासून शहरात १.५ आणि शहराबाहेर २ मीटर बंधनकारक आहे. अंतराचे कारण साधे आहे. सायकल सरळ रेषेत चालत नाही. खड्डा, उखडलेला पेव्हर ब्लॉक, किंवा गटाराच्या जाळीचे गज प्रवासाच्या दिशेने समांतर बसवलेले असले तर त्यांत चाक अडकू नये म्हणून स्वार हातभर उजवीकडे सरकतो. मागून कर्कश हॉर्न वाजवल्याने तो दचकतो, जाळी तिथेच राहते.

दोन प्रसंग विशेष धोक्याचे आहेत. एक, बस किंवा डंपर डावीकडे वळताना. चालकाच्या डाव्या आरशात न दिसणाऱ्या जागेत सायकल असते आणि मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत कापत वळतात. अशा वाहनाच्या डावीकडून पुढे घुसू नये, हा सायकलस्वारासाठी सर्वांत मोलाचा नियम. तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा अनुभवी स्वारांकडून शिकायला मिळतो. दुसरा, उभ्या मोटारीचा दरवाजा अचानक उघडणे. दरवाजापासून दूरच्या हाताने तो उघडला की अंग आपोआप मागे वळते व येणारी सायकल दिसते. ही पद्धत नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते.

सायकलस्वाराची कर्तव्ये : डावी बाजू, सिग्नल, वळण्यापूर्वी हाताने इशारा, रात्री दिवा. एकेरी मार्गावर उलट दिशेने येण्याची मुभा सायकलींना असावी की नाही याबाबत एकमत नाही. पुण्यात लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता यांसारखे रस्ते एकेरी झाल्याने सायकलस्वाराला पडणारा वळसा इंजिनावर नव्हे तर पायांवर येतो, हे मात्र नियम करताना हिशेबात धरलेले नाही. कलम १२९ चे हेल्मेट मोटरसायकलपुरते आहे. सायकलस्वारांवर सक्ती नाही.

सायकल मार्ग : इंडियन रोड्स काँग्रेसचे सायकल मार्गांसंबंधीचे मानक (आयआरसी ११) १९६२ चे असून २०१५ मध्ये सुधारले गेले. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तत्पूर्वी व नंतर बांधलेले मार्ग सलग नाहीत. चौक आला की मार्ग संपतो, आणि अपघाताची शक्यता तर चौकातच अधिक. मध्ये डीपीचा खोका, बसथांबा, उभ्या दुचाक्या. मोटरसायकल शिरू नये म्हणून रोवलेले खांब कधी इतके जवळ असतात की रुंद हँडलची सायकलही अडते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मार्ग पार्किंगखाली गेला. पवई तलावाकाठचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पाणथळ जागेच्या नियमांवर बेकायदा ठरवला.

बंदी असलेले रस्ते : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवर सायकलींना प्रवेश नाही. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सायकलस्वारास जुना महामार्ग आहे.

अपघात व भरपाई : सायकलस्वार मोटार विम्याच्या दृष्टीने ‘त्रयस्थ पक्ष’ असतो, त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर कलम १६१ नुसार मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये. सायकलस्वाराचाही दोष आढळल्यास न्यायाधिकरण भरपाईत कपात करते. रात्री दिवा नसणे येथे त्याच्या विरोधात जाऊ शकते. सायकलीने पादचाऱ्याला धडक दिली तर विमाही नाही व हे न्यायाधिकरणही नाही, फक्त दिवाणी दावा.

ग्रामीण भाग : मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळतात, त्यांच्या शाळेच्या वाटा बऱ्याचदा राज्य महामार्गांवरूनच जातात. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगली भागात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्री त्याच रस्त्यांवर असतात. त्यांच्या मागे रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा हंगामागणिक होतात.