लिलीचे दहा शिलिंग

आज आम्ही तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या एका पोरीची गोष्ट सांगणार आहोत. लिली पार तिचं नाव. १९०५ साली सेंट हेलेन्स या गावात एका मजुराच्या घरी ती जन्मली. सात भावंडं. भावांबरोबर मोकळ्या जागेत फुटबॉल खेळून तिचा डावा पाय असा तयार झाला, की पुढं मोठमोठे गोलरक्षक त्याला दचकत.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन शहरातल्या ‘डिक, कर’ कारखान्यात त्या दारूगोळा बनवत, जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळत. त्यांचा संघ झाला. १९१७ च्या नाताळात त्यांचा सामना बघायला दहा हजार माणसं आली! मिळालेला पैसा जखमी सैनिकांच्या दवाखान्याला गेला.

याच संघानं १९२० मध्ये लिलीला बोलावलं. वय चौदा-पंधरा. घर सोडून ती प्रेस्टनला संघातल्याच एका मुलीच्या घरी राहायला गेली. सामन्यामागं दहा शिलिंग मिळत, म्हणजे अर्धा पौंड. खेळासाठी कामाचा खाडा झाला तर तेवढीच भरपाई. रोजावर जाणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

लिली पुढच्या फळीत डाव्या बाजूनं खेळायची. पहिल्याच मोसमात तिनं चाळीसच्या वर गोल केले, असं सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सामना झाला. समोर संघ कुणाचा? सेंट हेलेन्सचा, तिच्याच गावचा! मैदानात त्रेपन्न हजार माणसं, आणि जागा नाही म्हणून हजारो दारातून परत गेली. लिलीचा संघ चार-शून्यनं जिंकला. तीन हजार पौंडांवर रक्कम दानासाठी जमली.

एवढी गर्दी, एवढा पैसा, आणि तो बायकांच्या खेळावर. तिथंच ते खुपलं असावं, असं आम्हाला वाटतं. युद्ध संपलं होतं, पुरुष परतले होते. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला: हा खेळ बायकांना शोभत नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जोडीला एक आरोपही होता. सामन्यांच्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो, म्हणे! त्या खर्चात लिलीचे दहा शिलिंगही आले. गटाच्या वहीत पै-पैचा हिशेब ठेवूनही ज्यांनी टोमणे ऐकलेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

लिली तेव्हा सोळा वर्षांची होती.

संघ मोडला नाही. मोठी मैदानं गेली, तर जिथं जागा मिळेल तिथं त्या खेळल्या. १९२२ मध्ये जहाजानं अमेरिकेला गेल्या आणि तिथं चक्क पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळल्या: तीन जिंकल्या, तीन हरल्या, तीन बरोबरीत. परत आल्यावर लिली मनोरुग्णांच्या दवाखान्यात परिचारिका झाली. नोकरी करता करता ती १९५१ पर्यंत खेळली. मैदानांवरची बंदी उठली, तेव्हा तिनं साठी ओलांडली होती.