दुसरा शनिवार: कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्याचा घटनाक्रम

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. पगार, पेन्शन, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, दुकानाचं चालू खातं, असा तिथला व्यवहार. ऑगस्ट २०१८मध्ये या सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही लूट उत्तर कोरियाच्या सायबर हल्ल्यांमध्ये नोंदवली. एका देशाची यंत्रणा आणि एक सहकारी बँक यांची ही गाठ कशी पडली, ते तासांच्या हिशेबाने पाहायला हवं.

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय बँकांना गोपनीय इशारा पाठवते: कार्ड देणाऱ्या कुठल्यातरी संस्थेत घुसखोरी झालेली असावी आणि येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी रोकड काढण्याचा बेत आहे. कुठली बँक, कुठला देश, हे इशाऱ्यात नाही. अशा टोळ्या सुट्टीचा दिवस गाठतात, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असतं. भारतात दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार आहे.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

शाखांना कुलूप, एटीएम चालू. हल्लेखोर बँकेच्या यंत्रणेत आधीच शिरलेले आहेत. त्यांनी हात घातला आहे तो एटीएम स्विचला.

आपण कार्ड घालून रक्कम टाकतो तेव्हा ती मागणी आपल्या बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो: खातं खरं आहे का, शिल्लक पुरेशी आहे का? तिथून होकार आला की यंत्रातून नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी मालवेअर वापरून खऱ्या स्विचला समांतर असा बनावट स्विच उभा केला. मागणी कोअर बँकिंगपर्यंत पोहोचायचीच नाही. मधल्यामध्ये बनावट स्विच उत्तर द्यायचा: मंजूर.

शनिवार, दुपारी ३

बँकेच्या तक्रारीनुसार हल्ल्याची वेळ इथून सुरू होते. बनावट कार्डं घेतलेली माणसं जगभर यंत्रांसमोर उभी राहतात. व्हिसा कार्डांवर २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहार होतात आणि ७८ कोटी रुपये जातात. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी. पैसे काढण्याची ठिकाणं कोल्हापुरातही आहेत. महाराष्ट्रातल्या काही जणांना तर सिनेमात छोटी भूमिका आहे, एटीएममधून पैसे काढण्याचा प्रसंग करायचा आहे, असं सांगून उभं केलं होतं, असं बीबीसीने पुढे सांगितलं.

या लुटीचा जोर साधारण सव्वादोन तासांचा. मिनिटाला शंभरच्या आसपास व्यवहार, आणि प्रत्येकाला उत्तर एकच: मंजूर.

शनिवार, रात्री १०

तक्रारीत नोंदवलेली हल्ल्याची वेळ इथे संपते. साडेऐंशी कोटी गेले आहेत. पुढच्या घावाला अजून साडेसदतीस तास आहेत.

रविवार, १२ ऑगस्ट

एफबीआयचा तो गोपनीय इशारा आज बातमी म्हणून जगासमोर येतो. पुण्याच्या दृष्टीने त्याला एक दिवस उशीर झाला आहे.

बँकेचं आणखी एक दार अजून उघडं आहे, ते स्विफ्टचं. एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या बँकेला पैसे वळते करण्याचा आदेश याच जाळ्यातून देते. हा रस्ता चोरांना नवा नव्हता. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर खोट्या स्विफ्ट आदेशांनी गेले, तेही साप्ताहिक सुट्टी गाठून. फेब्रुवारी २०१८मध्ये तमिळनाडूच्या सिटी युनियन बँकेवर असाच प्रयत्न झाला होता. कॉसमॉसवर वेळ आली तेव्हा त्या घटनेला सहाच महिने झाले होते.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

आठवड्याचं काम सुरू झालं आहे. स्विफ्टवरून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळते होतात. पहिला घाव बसल्यानंतरचा शनिवार, अख्खा रविवार आणि सोमवारची सकाळ एवढा अवधी होता. तरीही दुसरं दार उघडंच राहिलं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो. बँकेची एटीएम आणि नेट बँकिंग बंद आहे. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं अध्यक्ष मिलिंद काळे सांगतात. ते खरंच होतं, कारण व्यवहार खात्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. नुकसान बँकेचं झालं. पण सहकारी बँकेत बँकेचं नुकसान म्हणजे तिच्या सभासदांचंच नुकसान.

त्यानंतर

२ ऑक्टोबर २०१८ला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी उत्तर कोरियाची एटीएम लुटण्याची ही पद्धत जाहीरपणे उघड केली. १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. मार्च २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. शिक्षा झाली ती या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला. हुकूम सोडणारे सीमेपलीकडे सुखरूप राहिले.

या घटनाक्रमातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंच्या बळातली तफावत. एका बाजूला एक राष्ट्र, दुसऱ्या बाजूला एक सहकारी बँक आणि तिच्या मदतीला एक पोलीस ठाणं. शत्रूचं विमान पुण्यावर आलं असतं तर कुणी बँकेच्या संचालकांना विमानविरोधी तोफ विकत घ्यायला सांगितलं नसतं. सायबर हल्ल्यात आपण नेमकं तेच सांगतो: तुमची भिंत तुम्ही बांधा.

हे बदलण्याची वाट दिल्लीतून जाते. तिथे कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. राज्यातली कामं घेऊन मंत्री, अधिकारी आणि शिष्टमंडळं तिथे उतरतात. पाणी, पीकविमा, रेल्वे या मागण्यांच्या जोडीने सहकारी बँकांच्या रक्षणाची मागणीही तिथून केंद्राच्या दारी जायला हवी. पोलीस हा राज्याचा विषय आहे. परराष्ट्र व्यवहार, गुप्तवार्ता आणि सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणा. हल्ला मात्र ही वाटणी पाहून होत नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास व्यवहारांवर नजर ठेवणारं सामायिक केंद्र असावं, कारण लहान बँकेला ते एकटीने परवडत नाही. परदेशातून आलेला इशारा काही तासांत गावच्या बँकेपर्यंत, तिला कळेल अशा मराठीत पोहोचावा. एका ठिकाणी घाव बसताच स्विफ्टसह पैसे बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा रोखण्याचा अधिकार रात्रपाळीतल्या माणसाच्या हाती असावा आणि त्यासाठी त्याला कुणाच्या सहीची वाट पाहायला लागू नये.

एप्रिल २०२२च्या आदेशाने सायबर हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इनला देणं बंधनकारक झालं आहे. नियम चांगला आहे, पण कॉसमॉसच्या नावावर एटीएममधून लूट व्हायला सव्वादोन तास पुरले होते. बचावाची घड्याळं हल्लेखोराच्या वेगाने लावावी लागतील, आणि त्याचा खर्च ठेवीदारांवर न टाकता देशाने उचलावा लागेल. हल्ला देशाने केला असेल, तर बचावही देशानेच करायला हवा.