बाईला इंग्रजी कशाला?



१८८० साली आपल्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. मी तिथून बी.ए. केलं तेव्हा ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. इंग्रजीचा निबंध मी गाईडमधून पाठ करायची. ऐन पेपरात एक ओळ विसरली की पुढचं सगळंच जायचं! घरी प्रश्न ठरलेला, ‘बाईला इंग्रजी कशाला?’

हा प्रश्न जुना आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. शिकवणं मायबोलीत, पण इंग्रजी विषय सक्तीचा. पदवीचं नाव ‘गृहीतागमा’. १९२० साली ठाकरसी शेठांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तरी सरकारी मान्यतेला १९५१ उजाडलं. त्याच वर्षी बहिणाबाई गेल्या.

कर्व्यांची ती रीत मला पटते. मीही शेवटी तेच केलं. इंग्रजी धडा वाचायचा, आईला मराठीत सांगायचा, आणि मग निबंध आपल्याच वाक्यांत लिहायचा. माझा पहिला निबंध केळीच्या बागेवर होता, दहा साधी वाक्यं. चुका होत्या, पण वाक्यं माझी होती.

परवा गटाच्या कर्जाचा इंग्रजी कागद मी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. हप्ता चुकल्यावरच्या दंडाचं कलम आलं, तशी एकीनं पेन खाली ठेवलं.

“ते पुन्हा वाच, ताई.”