‘संशोधनातून सिद्ध’ असा मेसेज आला? चाचणीची सरकारी नोंद अशी वाचा

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडायला निघालेल्या गर्दीत फोनवर एक मेसेज येतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला. ‘मधुमेह कायमचा बरा करणारं औषध. क्लिनिकल ट्रायलमध्ये सिद्ध. सीटीआरआय रजिस्टर्ड.’ खाली एक लांबलचक क्रमांकही असतो. क्रमांक दिसला की मेसेज खरा वाटायला लागतो आणि तो पुढे फॅमिली ग्रुपवर जातो.

हा क्रमांक खरा असू शकतो. तरीही त्यापुढचा दावा खोटा असू शकतो. हे तपासायला डॉक्टर असण्याची गरज नाही. त्या क्रमांकामागची नोंद सगळ्यांसाठी खुली आहे आणि ती बघायला पैसे लागत नाहीत.

सीटीआरआय म्हणजे काय?

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांची ही देशाची अधिकृत ऑनलाइन नोंदवही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआरच्या नवी दिल्लीतल्या एका संस्थेत ती चालते. २० जुलै २००७ रोजी ती सुरू झाली. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, शस्त्रक्रिया, वैद्यकीय उपकरणं अशा सगळ्या प्रकारच्या अभ्यासांची नोंद इथे होते. एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही इथे सापडतात.

या नोंदवहीत रुग्णांची नावं किंवा त्यांचे रिपोर्ट नसतात. इथे असतो तो अभ्यासाचा मेटाडेटा, म्हणजे अभ्यासाविषयीची माहिती. अभ्यास कोण करतंय, कुठे करतंय, पैसा कुणाचा, किती लोकांवर, कशासाठी आणि कधीपासून, हे सगळं त्यात येतं.

सातबारा माहीत असेल तर हे समजणं सोपं आहे. सातबाऱ्यावरून जमिनीत पीक किती चांगलं येईल ते कळत नाही. जमीन कुणाची, क्षेत्र किती, बोजा आहे का, एवढं कळतं. जमीन घेण्याआधी तेवढं तरी बघायलाच हवं. चाचणीच्या नोंदीचंही तसंच आहे.

अशी नोंद ठेवण्याची वेळ का आली?

कारण निकाल लागल्यावर प्रश्नच बदलण्याची सोय होती.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची ‘स्टडी ३२९’ ही चाचणी. किशोरवयीन मुलांवरच्या या चाचणीचा शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात औषध परिणामकारक असल्याचं म्हटलं होतं. पण चाचणी सुरू करताना जे मुख्य निकष ठरवले होते, त्यांवर औषध आणि साधी गोळी यांत ठोस फरक दिसला नव्हता. दुसरे निकष पुढे करून यश दाखवलं गेलं होतं. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीवर खटला भरला. कंपनीने तडजोड केली आणि आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष ऑनलाइन जाहीर करायचं मान्य केलं. याच चाचणीची मूळ माहिती २०१५ मध्ये पुन्हा तपासली गेली. तेव्हा औषधाचा फायदा दिसला नाही, अपाय मात्र वाढलेले दिसले.

२००४ मध्येच जगातल्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी जाहीर केलं, की आधी नोंदणी नसलेल्या चाचणीचा शोधनिबंध छापणार नाही. २००८ मध्ये हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट कलम आलं. पहिला सहभागी घेण्याआधी प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंद हवी, असं त्यात म्हटलं आहे.

भारतात औषध महानियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांसाठी १५ जून २००९ पासून सीटीआरआय नोंदणी सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून आणखी एक बदल झाला. चाचणी सुरू झाल्यावर मागाहून नोंदणी करण्याची वाट बंद झाली.

नोंद कशी शोधायची?

गूगलवर सीटीआरआयचं नाव टाकलं की आयसीएमआरची अधिकृत वेबसाइट सापडते. तिथे लॉगिन न करता शोधता येतं. क्रमांक हाताशी असेल तर तो टाकायचा. नसेल तर आजाराचं, औषधाचं किंवा कंपनीचं नाव इंग्रजीत टाकायचं. अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये यादी आणखी लहान करता येते.

क्रमांक बघूनही थोडं कळतं. ‘सीटीआरआय’नंतर वर्ष, मग महिना आणि शेवटी सहा आकडे असतात. वर्ष आणि महिना नोंदणीचे. क्रमांक ‘आरईएफ’ने सुरू होत असेल तर तो फक्त अर्जाचा संदर्भ क्रमांक. म्हणजे नोंदणी अजून झालेली नाही. ‘एनसीटी’ने सुरू होणारा क्रमांक अमेरिकेच्या नोंदवहीचा असतो. जगभरच्या नोंदवह्या एकत्र शोधायच्या असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचं शोधपोर्टल आहे.

नोंद उघडल्यावर काय बघायचं?

पान लांब असतं आणि इंग्रजीत असतं. सगळं वाचायची गरज नाही. या आठ गोष्टी बघा.

१. पब्लिक टायटल: सामान्य वाचकासाठीचं शीर्षक. मेसेजमधला आजार आणि इथला आजार एकच आहे का?

२. नोंदणीची तारीख: शेजारी प्रॉस्पेक्टिव्ह किंवा रेट्रोस्पेक्टिव्ह असं लिहिलेलं असतं. प्रॉस्पेक्टिव्ह म्हणजे आधी नोंद, मग चाचणी. रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे चाचणी सुरू झाल्यावर केलेली नोंद.

३. प्रायोजक आणि आर्थिक मदत: औषध विकणारी कंपनीच पैसा देत असेल तर तो गुन्हा नाही. बहुतेक औषधांच्या चाचण्या तशाच होतात. पण ते माहीत असायला हवं.

४. चाचणीची ठिकाणं: प्रत्येक हॉस्पिटलचं नाव, पत्ता आणि तिथल्या मुख्य संशोधकाचं नाव असतं. कोविशिल्डच्या भारतातल्या १,६०० जणांवरच्या चाचणीत मुंबईतली केईएम आणि नायर ही पालिकेची हॉस्पिटलं होती. ही माहिती कुणीही नोंदीत बघू शकतं.

५. नीतिमत्ता समिती: प्रत्येक ठिकाणच्या समितीचं नाव आणि मंजुरी मिळाली की प्रलंबित आहे, ते दिलेलं असतं.

६. सहभागींची संख्या: ठरवलेली आणि प्रत्यक्ष घेतलेली अशी वेगवेगळी दिसते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २५,८०० जणांचं लक्ष्य होतं. ‘लाखोंवर सिद्ध’ म्हणणाऱ्या औषधाच्या नोंदीत ४० जण असतील तर तिथेच थांबा.

७. प्रायमरी आउटकम: हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना. चाचणीत नक्की काय मोजणार आणि किती दिवसांनी, हे इथे लिहिलेलं असतं. ‘१२ आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर’ मोजणाऱ्या चाचणीतून ‘मधुमेह कायमचा बरा’ हे कधीच सिद्ध होऊ शकत नाही.

८. सद्यस्थिती: भरती सुरू झालेली नाही, सुरू आहे, पूर्ण झाली, स्थगित झाली की मध्येच बंद पडली? भरतीच सुरू झाली नसेल तर निकाल कुठून आला?

नोंद कोण भरतं आणि कोण बदलतं?

संशोधक किंवा प्रायोजक कंपनी लॉगिन तयार करून ऑनलाइन अर्ज भरते. नोंदणी मोफत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक नोंदीसाठी किमान २४ मुद्दे ठरवून दिले आहेत. सीटीआरआयच्या अर्जात त्याशिवाय नीतिमत्ता समिती, औषध महानियंत्रकांची परवानगी असे रकानेही आहेत. मंजुरीची पत्रं अपलोड करावी लागतात. सीटीआरआयचे कर्मचारी अर्ज तपासतात आणि काही अर्धवट असेल तर तो शंका लिहून परत पाठवतात. सगळं पूर्ण झालं की क्रमांक मिळतो.

त्यानंतर नोंद ताजी ठेवण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची असते. नवं हॉस्पिटल जोडलं, भरती संपली, निबंध प्रसिद्ध झाला, की माहिती बदलावी लागते. पण जुनी माहिती पुसली जात नाही. नोंदीत ‘मॉडिफिकेशन्स’ अशी लिंक असते. तिथे आधी काय होतं आणि कधी बदललं ते दिसतं. जमिनीच्या कागदपत्रांत जसे फेरफार बघतात, तसंच हे. प्रायमरी आउटकम मध्येच बदललेला दिसला तर ‘स्टडी ३२९’ आठवा. बदलाला योग्य कारण असू शकतं, पण ते विचारलं पाहिजे.

नोंदणी म्हणजे मान्यता का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

क्रमांक मिळाला म्हणजे माहिती रीतसर जाहीर झाली, एवढाच त्याचा अर्थ. औषध चालतं की नाही, यावर सीटीआरआय शिक्का मारत नाही. औषध विकण्याची परवानगी देणं हे त्यांचं कामही नाही.

२३ जून २०२० रोजी हरिद्वारमध्ये पतंजलीने कोरोनिल बाजारात आणलं आणि कोविड बरा होत असल्याचा दावा केला. चाचणीची सीटीआरआय नोंदणी झाल्याचंही सांगितलं गेलं. त्याच दिवशी आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितली आणि कंपनीकडे तपशील मागितला. काय मागितलं होतं? औषधातले घटक, चाचणी झालेली हॉस्पिटलं, आराखडा, सहभागींची संख्या, नीतिमत्ता समितीची मंजुरी, सीटीआरआय नोंदणी आणि निकालाची माहिती. मंत्रालयाने विचारलेले बहुतेक प्रश्न वरच्या आठ मुद्द्यांतलेच होते. फोनवरचा मेसेज वाचणारा माणूसही ते विचारू शकतो.

नोंद नीट असली की काय फायदा होतो?

कोविडच्या काळात मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांनी प्लाझ्मासाठी रात्ररात्र फोन केले. ‘प्लाझ्मा डोनर हवा’ हे मेसेज प्रत्येक ग्रुपवर होते. त्याच वेळी आयसीएमआरची प्लॅसिड ही चाचणी सुरू होती. ती एप्रिल २०२० मध्येच सीटीआरआयवर नोंदवलेली होती. आजार गंभीर होणं किंवा २८ दिवसांत मृत्यू, हे मोजणार असं आधीच लिहून ठेवलं होतं.

३९ हॉस्पिटलं आणि ४६४ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. प्लाझ्माने आजार गंभीर होणं किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. निकाल कुणालाच आवडणारा नव्हता. पण प्रश्न आधी लिहिलेला असल्यामुळे नंतर सोयीचं उत्तर शोधायला जागा नव्हती. मे २०२१ मध्ये कोविडच्या राष्ट्रीय उपचार सूचनांमधून प्लाझ्मा वगळण्यात आला.

नोंदवहीच्या मर्यादा काय?

अनेक नोंदी वेळेवर अद्ययावत होत नाहीत. चाचणी संपून वर्षं झाली तरी सद्यस्थिती जुनीच दिसते. चाचणी संपल्यावर १२ महिन्यांत मुख्य निकाल जाहीर व्हावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं होतं. तरी अनेक नोंदींमध्ये निकालाचा मागमूस नसतो. नोंद नसणं हा मात्र स्पष्ट इशारा आहे. ‘क्लिनिकल ट्रायल झाली’ म्हणणाऱ्या भारतीय औषधाची नोंद कुठेच सापडत नसेल तर विक्रेत्याकडे क्रमांक मागा.

घरातल्या कुणाला चाचणीत घ्यायचं म्हणत असतील तर?

घाटकोपरहून विद्याविहार, कुर्ला आणि मग शीव. तिथलं लोकमान्य टिळक हॉस्पिटल असो की परळचं केईएम, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत अभ्यास सुरू असतात. चांगले उपचार चाचण्यांमधूनच येतात, त्यामुळे सहभागी होण्यात गैर काही नाही. सहीआधी सीटीआरआय क्रमांक मागा. नोंदीत त्या हॉस्पिटलचं नाव आहे का, समितीची मंजुरी आहे का, कोणत्या रुग्णांना घ्यायचं नाही असं लिहिलंय, ते बघा. सामान्य लोकांच्या प्रश्नांसाठी संपर्क व्यक्तीचा फोन आणि ईमेलही नोंदीत असतो. नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा तो मधुमेहाचा मेसेज? तो पुढे पाठवण्याआधी क्रमांक टाकून बघा. सहभागी किती आणि मोजलं काय, हे दोन रकाने वाचायला घाटकोपर ते शीव एवढा प्रवासही पुरेसा आहे. उत्तर सापडलं की तेही ग्रुपवर टाका. कारण असा मेसेज वाचून कुणीतरी चालू असलेली गोळी बंद करायच्या विचारात असू शकतं.