लशीचा दाखला आणि देशाचा उंबरठा

मार्च १८७९मध्ये ‘लिओनिदास’ नावाचे जहाज कोलकात्याहून फिजी बेटांकडे निघाले. जहाजावर ऊसमळ्यांसाठी करारबद्ध केलेले भारतीय मजूर होते. बंदर सुटल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्यात पटकी आणि देवी पसरली. मे महिन्यात जहाज लेवुका बंदरापाशी पोहोचले, तेव्हा हयात असलेल्या ४६३ मजुरांना गावात पाऊल ठेवू दिले नाही. यानुका लैलै या चिमुकल्या बेटावर सुमारे तीन महिने त्यांना विलगीकरणात राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला वकील नव्हता, आणि तशी मागणी कोणी करील हे त्या काळात संभवतही नव्हते.

जानेवारी २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उंबरठ्यावर जगातील अव्वल टेनिसपटू नोवाक जोकोविच अडवले गेले. त्यांनी कोविडची लस घेतली नव्हती. या दोन घटनांमध्ये सुमारे १४३ वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे: देशाच्या सीमेवर मागितला जाणारा आरोग्याचा पुरावा नेमका कशाचा असतो? या प्रश्नाच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने कोलकात्यात लिहिली गेली.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या नजरेत बंगाल म्हणजे पटकीचे माहेरघर. १८६६च्या कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने गंगेच्या खोऱ्यावर साथीचे उगमस्थान म्हणून बोट ठेवले. १८८४मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू आढळला. त्यानंतर १८९३मध्ये वाल्डेमार हाफकिन भारतात आले. पटकीवरील आपली लस त्यांनी आधी स्वतःवर टोचून पाहिली होती. कोलकात्याचे आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांच्या निमंत्रणावरून १८९४च्या मार्चअखेरीस ते काठाल बागान वस्तीत गेले. प्रारंभी लोक साशंक होते. तेव्हा हाफकिन यांच्यासोबत काही भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे वस्तीत पटकी उद्भवली, ती लस न घेतलेल्यांमध्ये. आकडे लहान होते, पण परिणाम डोळ्यांना दिसणारा होता, आणि तो संमतीने मिळवलेला होता.

सक्ती आली की चित्र कसे पालटते, हेही याच शहराने पाहिले. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली झालेल्या सक्तीने लोक संतप्त झाले. १८९८मध्ये कोलकात्यात प्लेग पोहोचला, तेव्हा सक्तीने लस टोचणार अशी अफवा उठली. हजारो लोक शहर सोडून निघाले, दंगेही झाले, आणि लस ऐच्छिक राहील असा निर्वाळा सरकारला द्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौकटीत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५१च्या नियमांनुसार देवी, पटकी आणि पीतज्वर यांच्या लशीचा दाखला प्रवाशाकडे मागता येत असे. त्यातला पटकीचा दाखला १९७३मध्ये रद्द ठरवण्यात आला. तत्कालीन लस व्यक्तीला काही काळ संरक्षण देई, पण पटकीला सीमेवर थोपवू शकत नसे. जंतू शरीरात बाळगणारा प्रवासी दाखला घेऊनही येऊ शकत होता. कोलकात्यातील वस्तीत जिने पाय रोवले, ती लस सीमेवरच्या परीक्षेत मात्र उतरली नाही. वैद्यकीय लाभ आणि सीमेवरचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा. देवी जगातून नाहीशी झाल्यावर तिचा दाखलाही इतिहासजमा झाला.

मेलबर्नचे प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. डिसेंबर २०२१मध्ये कोविड होऊन गेल्याच्या आधारावर जोकोविच यांना स्पर्धेसाठी वैद्यकीय सूट मिळाली होती. केंद्र सरकारने प्रवेशासाठी ती ग्राह्य धरली नाही. ६ जानेवारीला व्हिसा रद्द झाला. ज्या हॉटेलात त्यांना ठेवले, तेथे आश्रय मागणारे निर्वासित दीर्घकाळ अडकून पडले होते. १० जानेवारीला न्यायाधीश अँथनी केली यांनी व्हिसा पुन्हा बहाल केला, कारण बाजू मांडण्यासाठी कबूल केलेला वेळ अधिकाऱ्यांनी त्यांना दिला नव्हता. १४ जानेवारीला मंत्री अ‍ॅलेक्स हॉक यांनी आपल्या अधिकारात तो पुन्हा रद्द केला. जोकोविच यांच्यापासून संसर्गाचा धोका कमी आहे, हे मंत्र्यांनी गृहीतच धरले होते. त्यांचा युक्तिवाद वेगळा होता: अशा ख्यातनाम व्यक्तीच्या उपस्थितीने लसविरोधी भावनेला बळ मिळेल. १६ जानेवारीला तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने मंत्र्यांचा निर्णय कायम ठेवला. निर्णय शहाणपणाचा आहे की नाही हे न्यायालयाने तपासले नाही. तो कायदेशीर आहे की नाही, एवढेच पाहिले. त्याच संध्याकाळी जोकोविच देशाबाहेर गेले.

म्हणजे येथे दाखल्याचा अर्थ बदलला होता. जंतू अडवण्याच्या साधनाला आता सामाजिक शिस्तीचे चिन्ह म्हणूनही वजन आले होते. तीन दिवसांनी, १९ जानेवारीला, जागतिक आरोग्य संघटनेने देशांना सांगितले की लशीचा पुरावा ही प्रवासाची एकमेव अट करू नये, कारण जगात लशींचे वाटप विषम आहे. या विषमतेची दुसरी बाजू भारताने आदल्या वर्षी अनुभवली होती. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या भारतीयांनाही ब्रिटनने काही काळ लस न घेतलेल्यांसारखे वागवले. भारताने ४ ऑक्टोबर २०२१पासून ब्रिटिश प्रवाशांवर तशीच अट लादली, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने नियम शिथिल केला. लस तीच होती. मान्यतेचा अधिकार मात्र दुसऱ्याच्या हाती होता.

ऑस्ट्रेलियाने प्रवाशांवरील लशीची अट ६ जुलै २०२२ रोजी काढली. जोकोविच यांच्यावरील तीन वर्षांची बंदीही नोव्हेंबरमध्ये उठली, आणि जानेवारी २०२३मध्ये त्यांनी तीच स्पर्धा दहाव्यांदा जिंकली.

एक दाखला मात्र आजही टिकून आहे, आणि त्याची प्रचीती कोलकात्यात येते. १९८०च्या दशकात नायजेरियाच्या चिमा ओकोरी यांनी या शहराचे फुटबॉल मैदान गाजवले. त्यांच्यामागून आफ्रिकेतले अनेक खेळाडू येथे आले. पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्याला, मग तो खेळाडू असो वा व्यापारी, लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो. नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. या अटीवर क्वचितच वाद होतो. पीतज्वर पसरवणारा एडिस डास भारतात सर्वत्र आहे, पण रोग येथे पोहोचलेला नाही, आणि लशीची एक मात्रा बहुतेकांना आयुष्यभर पुरते. रोग, वाहक आणि लस यांचा धागा सरळ जुळतो, आणि नियम नामवंतांना व अनोळखी प्रवाशांना सारखाच लागू होतो. यानुका लैलैवरच्या मजुरांना आणि मेलबर्नच्या हॉटेलातल्या विजेत्याला जो प्रश्न पडला असेल, त्याला देण्याजोगे उत्तर या नियमापाशी आहे.